हात मोकळे नसतात: यंत्राची वापर-पुस्तिका लिहिण्याची रीत

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात मी माझी पहिली पुस्तिका घेऊन गेलो. चोवीस पानं, गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. बी कापायला बसलेल्या काकींच्या पुढ्यात ती ठेवली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या हातांकडे आणि म्हणाल्या, "वाचूक येता रे, पन हात खंय मोकळे आसत?"

काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. बी कापणाऱ्या बायका म्हणूनच हाताला तेल किंवा राख चोपडून कामाला बसतात. त्या हातांनी गुळगुळीत पान उलटत नाही, आणि उलटलंच तर दुसऱ्या दिवशी त्यावरचं काही वाचता येत नाही. माझी चोवीस पानं त्याच दिवशी मालकाच्या कपाटात गेली. बहुतेक अजून तिथेच असतील.

कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपसाठी मी पुस्तिका लिहितो. काजूला वाफ द्यायचे कुकर, बी कापायची पायपेडलची यंत्रं, गर सुकवायचे ड्रायर आणि अधूनमधून आंब्याच्या बागेत फवारणीला लागणारे एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचे, पंप. पुढची रीत या कामातून, म्हणजे बऱ्याचशा चुकांतून तयार झालेली आहे. तुमचं यंत्र वेगळं असलं तरी अडचणी साधारण याच असतात.

आधी यंत्राजवळ जाऊन बसा

लिहायला बसण्याआधी निदान दोन दिवस यंत्र चालू असलेल्या जागी काढा. वर्कशॉपमध्ये नाही, गिऱ्हाइकाकडे. वर्कशॉपमध्ये यंत्र स्वच्छ असतं, उजेड भरपूर असतो आणि चालवणारा माणूस ते बनवणाराच असतो. गिऱ्हाइकाकडे तेच यंत्र पडवीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभं असतं, आणि तुम्ही ज्या बाजूने फोटो काढलात ती बाजू तिथे दिसतच नाही.

वहीत एवढं टिपा: यंत्र विकत कोण घेतं, चालवतं कोण, बिघडलं तर हात कोण लावतं. आमच्याकडे ही तीन वेगळी माणसं निघाली. मालक विकत घेतो, बायका चालवतात, गावातला वायरमन दुरुस्त करतो. मी तिघांसाठी मिळून एक पुस्तिका लिहिली होती. आता तीन कागद करतो. मालकासाठी आठ पानी पुस्तिका, वायरमनसाठी जोडणीचा एक नकाशा आणि चालवणाऱ्यासाठी यंत्रालाच टांगलेलं एक कार्ड. सगळ्यात जास्त वेळ या कार्डावर जातो.

फवारणी पंपाच्या वेळी आणखी एक गोष्ट कळली. देवगड-रत्नागिरीकडच्या कितीतरी बागांत पंप चालवणारा गडी नेपाळी असतो. त्याला हिंदी समजतं, मराठी बोलणं कळतं, पण पुस्तिकेतलं मराठी वाचायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं. तिथे चित्रांवाचून गत्यंतर नाही.

शब्द त्यांच्याकडून घ्या

दोन दिवसांत कानावर पडलेले शब्द लिहून काढा. दाबमापक कोणी म्हणत नाही, 'काटा' म्हणतात. झडप म्हटल्यावर एक काकी दाराकडे बघायला लागल्या, कारण त्यांच्यासाठी तो 'कॉक' होता. वायरमन त्यालाच 'वॉल' म्हणत होता. मी चालवणाऱ्यांचा शब्द उचलला आणि सगळीकडे तोच ठेवला. शाळेत निबंध लिहिताना तोच शब्द परत येऊ नये म्हणून आपण धडपडायचो. इथे नेमकं उलट करायचं. पहिल्या पानावर कॉक असेल तर शेवटच्या पानावरही कॉकच. मध्ये कुठे झडप आली की वाचणाऱ्याला वाटतं, ही दुसरीच कुठली वस्तू आहे.

मराठीत काही क्रियापदं फार दगाबाज आहेत. 'बंद' घ्या. पंप बंद आहे म्हणजे थांबवलाय की बिघडलाय? 'लावा' तसंच. स्विच लावतात, पट्टा लावतात, ग्रीसही लावतात. 'सोडा' तर त्याहून वाईट. पेडल सोडा म्हणजे पाय उचला, आणि वाफ सोडा म्हटलं की एक जण वाफ बाहेर काढतो आणि दुसरा कुकरमध्ये घेतो. कुकरच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. मी आता 'वाफ आत घ्या' आणि 'वाफ बाहेर काढा' एवढंच लिहितो.

दिशांचंही तसंच. उजवी बाजू कोणाची, यंत्राची की माणसाची? 'पेडलसमोर बसल्यावर उजव्या हाताला' असं लिहिलं की वाद मिटतो.

'नका' फार उशिरा येतो

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. 'दाब असताना झाकण उघडू नका.' घाईतला माणूस वाक्य अर्ध्यावर सोडतो, त्याच्या डोक्यात 'झाकण उघडू' एवढंच राहतं. 'केल्याशिवाय करू नये' हा त्याचा मोठा भाऊ. दोन नकार, आणि वाचणाऱ्याने मनातल्या मनात गणित सोडवायचं.

माझ्या पहिल्या पुस्तिकेतलं वाक्य हे होतं: 'कुकरमधील दाब पूर्णतः निर्गमित झाल्याची खातरजमा केल्याशिवाय झाकणाचे बोल्ट सैल केले जाऊ नयेत.' हे लिहिल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आज कार्डावर तिथे हे आहे:

१. बॉयलरकडून येणाऱ्या लाल कॉकची दांडी पाइपला आडवी करा. वाफ आत यायची थांबते.
२. पिवळ्या कॉकची दांडी हळूहळू पाइपच्या रेषेत आणा. वाफ जोरात बाहेर पडते, आवाज येतो. तोंड आणि हात लांब ठेवा.
३. आवाज पूर्ण थांबू द्या. पिवळा कॉक उघडाच ठेवा.
४. काटा बघा. ० वर आला? मगच पुढे जा.
५. कुकरच्या बाजूला उभे राहा. तुमच्यापासून सगळ्यात लांबचा बोल्ट आधी अर्धा फेरा सैल करा. उरलेली वाफ पलीकडे जाईल.
६. आता बाकीचे बोल्ट सैल करा आणि झाकण उचला.

एका ओळीत हाताचं एकच काम, आणि ते झाल्यावर काय दिसेल किंवा ऐकू येईल तेही तिथेच. अट आधी, कृती नंतर. 'करावे', 'केले जावे' गेलं, 'करा' आलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'लांबचा बोल्ट आधी' ही गोष्ट माझ्या जुन्या पुस्तिकेत नव्हतीच. ती कुकरवर वीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या हाताकडे बघून समजली. त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितली नसती, कारण आपण असं काही करतो हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

'थोडा वेळ', 'व्यवस्थित', 'आवश्यकतेनुसार' हे शब्द सापडतील तिथे खोडा. 'घट्ट करा' ऐवजी 'हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा'. वेळ मिनिटांत द्याच, पण सोबत डोळ्यांना दिसणारी खूणही द्या. तेलाच्या हाताने मोबाइल काढून कोणी वेळ बघत नाही.

आकड्यांनी केलेला घात

हा किस्सा सविस्तर सांगतो, कारण तो देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येतोच.

ड्रायरला तापमानाची एक खुंटी होती, तिच्याभोवती इंग्रजी आकडे छापलेले. पुस्तिका मराठी, म्हणून मी शुद्ध देवनागरीत लिहिलं: 'खुंटी ४ वर ठेवा.' त्या खुंटीवर चार म्हणजे आत साधारण ७० अंश. दोडामार्गकडच्या एका युनिटमध्ये नुकताच कामाला लागलेला मुलगा इंग्रजी माध्यमात शिकलेला. त्याने आमचा मराठी चार बघितला, समोर खुंटीवरचा इंग्रजी आठ बघितला, दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ. खुंटी आठवर. सकाळी ट्रे उघडले तर गर तांबूस झालेला. माल होता डब्ल्यू ३२०, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर बसतील अशी प्रत. तिचा दर पांढऱ्या, अख्ख्या गराला मिळतो, भाजल्या गराला नाही. चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांचीही अशीच गल्लत होते.

तेव्हापासून नियम एक. यंत्रावर आकडा जसा कोरलाय तसाच तो कार्डावर काढायचा, खुंटीच्या चित्रासकट, बाण त्या आकड्यावर. पायऱ्यांचे क्रमांक आणि बाकी मजकूर देवनागरीत राहू दे, पण खुंटी, पॅनेल आणि काटा यांच्यावरचे आकडे जसेच्या तसे. पॅनेलवरच्या बटणाचं नाव इंग्रजीत असेल तर त्याचंही भाषांतर करायचं नाही. बटणावरची अक्षरं तशीच दाखवायची आणि शेजारी ते काय करतं ते मराठीत लिहायचं.

दुसरा आकड्यांचा प्रश्न काजूच्या बीचा. कापणी यंत्रात दोन पात्यांमधलं अंतर किती ठेवायचं? मी मिलिमीटर दिले होते. पण वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची बी साधारण १० ग्रॅमची, वेंगुर्ला-४ ची ७.७ च्या आसपास आणि गावठी त्याहून बारकी. एकच अंतर दिलं की एकीचा गर तुटतो आणि दुसरीचं टरफल फुटतच नाही. आकडा काढून टाकला. आता कार्डावर लिहितो: आधी चाळणीने बी आकारानुसार वेगळी करा, मग त्या ढिगातल्या दहा बिया कापून बघा, दोनपेक्षा जास्त गर तुटले तर स्क्रू पाव फेरा सैल करा. आकड्यापेक्षा चाचणी देणं कधीकधी जास्त अचूक असतं.

इशारा: रंगावर विसंबू नका

अमेरिकन पद्धतीत डेंजर, वॉर्निंग, कॉशन अशी उतरती भाजणी आहे, लाल, नारिंगी, पिवळी. पहिल्यात जीव जाईल किंवा गंभीर इजा होईलच, दुसऱ्यात तसं होऊ शकतं, तिसऱ्यात किरकोळ किंवा मध्यम इजा. आपण त्याचं धोका, इशारा, सावधान करतो आणि काम झालं असं समजतो. पण मराठी कानाला या तीन शब्दांत चढउतार ऐकू येत नाही. 'सावधान' विजेच्या खांबावरही असतं आणि 'कुत्र्यापासून सावधान' असं फाटकावरही असतं.

बागायतदाराचं आणखी वेगळं. कीटकनाशकाच्या बाटलीवर त्याने वर्षानुवर्षं त्रिकोण बघितलेत. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. त्याच्या डोक्यात पिवळा म्हणजे 'अतिविषारी', क्रमांक दोनचा. तुमच्या पंपाच्या पुस्तिकेत पिवळा म्हणजे किरकोळ. म्हणून मी रंग ठेवतो, पण भरवसा वाक्यावर ठेवतो, आणि वाक्यात परिणाम स्पष्ट लिहितो. 'काळजी घ्या' नाही. 'नळीला भोक पडलं तर हाताने दाबून धरू नका. औषधाची धार कातडीतून आत जाते. पंप थांबवा.' इशारा त्या पायरीच्या वर हवा, पुस्तिकेच्या पहिल्या पानावरच्या चाळीस इशाऱ्यांच्या गर्दीत नको. ती गर्दी वकिलासाठी असते.

वकिलाचा विषय निघालाच आहे तर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८४ उत्पादकाची जबाबदारी सांगतं. योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा वस्तूसोबत नसेल, तर त्यातून झालेल्या हानीसाठी उत्पादकाला जबाबदार धरता येतं. उत्पादन-दायित्वाचा हा भाग २० जुलै २०२० पासून लागू आहे. कलम ८७ मध्ये अपवाद आहेत. त्यातला एक असा की कामाच्या जागेसाठी यंत्र मालकाने घेतलं असेल आणि उत्पादकाने मालकाला सूचना दिल्या असतील तर उत्पादक सुटू शकतो. त्यामुळे वर्कशॉपवाले मालकाची सही घेऊन मोकळे होतात. सही जरूर घ्या. पण भाजणार आहे तो मालकाचा हात नव्हे, म्हणून कार्ड कुकरजवळ टांगलेलं आहे का ते स्वतः जाऊन बघा.

वापराच्या सूचना कशा तयार कराव्यात यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयईसी/आयईईई ८२०७९-१, दुसरी आवृत्ती २०१९ ची. निर्यात करणाऱ्याने ते पाहावंच. स्थानिक वर्कशॉपने निदान त्याची विषयसूची तरी चाळावी.

भाषांतर करताना

परदेशी पंपाची पुस्तिका मराठीत आणायचं काम आलं तर शब्दकोश बाजूला ठेवा. एका भाषांतरात मी 'यंत्र जमिनीला जोडा' असं वाचलं. मूळ मुद्दा अर्थिंगचा. वाचणाऱ्याने इमानदारीने यंत्राला चार बोल्ट मारून जमिनीत पक्कं केलं, अर्थिंगची वायर मोकळीच.

आणि 'अर्थिंग करा' एवढं लिहूनही कोकणात भागत नाही. इथे खाली जांभा दगड. एप्रिल-मे महिन्यांत तो इतका कोरडा असतो की त्यातून वीज नीट जमिनीत जात नाही. पावसाळ्यात तपासलेलं अर्थिंग उन्हाळ्यात दगा देतं. म्हणून मालकाच्या पुस्तिकेत लिहा: अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या, उन्हाळ्यात पुन्हा मोजा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. मूळ पुस्तिकेत हे नसणार, कारण ती लिहिणाऱ्याने जांभा बघितलेला नाही.

चित्रं

थोडक्यात सांगतो. स्टीलच्या यंत्राचा फोटो चकाकतो आणि छापल्यावर काळा डाग होतो. मोबाइलवर फोटो काढा, त्यावरून रेषाचित्र गिरवा आणि फक्त कामाचा भाग ठेवा. चित्रात हात दाखवा, कुठे धरायचं ते बाणापेक्षा हाताने पटकन समजतं. चित्र चालवणाऱ्याला बसल्या जागेवरून दिसतं तसंच काढा.

तोंड बंद ठेवून चाचणी

ही पायरी सगळे गाळतात. ज्याने यंत्र कधी चालवलेलं नाही अशा माणसाला कार्ड द्या आणि यंत्राजवळ उभं करा. कुकर असेल तर थंड, वाफेशिवाय. मग तुम्ही दोन्ही हात खिशात घाला आणि गप्प राहा. तो चुकला तरी गप्प, तुमच्याकडे बघून "ह्याच काय?" विचारलं तरी गप्प. जिथे थांबला, जिथे वाक्य परत वाचलं, जिथे चुकीच्या दांडीकडे हात गेला, ती ओळ टिपून घ्या. दोष त्या ओळीत आहे. चार-पाच जणांत बहुतेक चुका वर येतात. मग दुरुस्त करा आणि नव्या माणसाला द्या, कारण जुन्याला आता उत्तर माहीत आहे.

कार्डाच्या आधी पुस्तिकेची अशीच चाचणी घेतली होती, तेव्हा एक वहिनी कोपराने पान उलटताना दिसल्या. स्टेपल मारलेली पुस्तिका लगेच मिटायची. त्याच वेळी लक्षात आलं की 'काटा बघा' एका पानाच्या शेवटी होतं आणि 'मगच बोल्ट' पुढच्या पानावर. दोन पानं एकदम उलटली तर काटा गायब. धोक्याची पायरी पानावर कधी तुटू द्यायची नाही, हा धडा त्या कोपराने दिला.

छपाई, खारी हवा आणि पाऊस

इथे जून ते सप्टेंबर कागद फुगतो, समुद्राजवळ स्टेपल महिन्याभरात गंजते. इंकजेटची शाई ओघळते, लेझर प्रिंट टिकते. लॅमिनेशन करायचं तर चारी बाजूंनी कागदापेक्षा निदान ५ मिलिमीटर प्लास्टिक जास्त सोडा आणि भोक कागदाच्या बाहेर, त्या प्लास्टिकमध्ये पाडा. कागदातून भोक पाडलंत की पाणी तिथून शिरतं आणि आत बुरशी धरते. टांगायला नायलॉनची दोरी घ्या, तार नको.

उन्हात ठेवलेल्या कार्डावरचा लाल रंग सगळ्यात आधी उडतो. म्हणजे वर्षभराने नेमका इशाराच फिका पडतो. त्यामुळे इशाऱ्याचा मजकूर काळ्यात आणि चौकट लालमध्ये.

अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वेलांट्या आणि मात्रा लहान अक्षरात चिकटतात. छापखान्यात मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलला तर 'दुसऱ्या'तला र आणि जोडाक्षरं मोडतात. पीडीएफ द्या, आणि प्रूफ पडद्यावर न तपासता छापलेल्या कागदावर तपासा.

व्हिडिओचा क्यूआर कोड जरूर द्या, पण आमच्याकडच्या कितीतरी वाड्यांत रेंज मिळवायला घाटीवर चढून जावं लागतं. यंत्र देतानाच व्हिडिओ त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून द्या, आणि तो दोन मिनिटांपेक्षा मोठा नको.

बिघाडाचं पान आणि त्यानंतर

बिघाडाचा तक्ता कल्पनेने भरू नका. वर्कशॉपला आलेले फोन महिनाभर लोकांच्याच शब्दांत लिहून ठेवा. 'गर तुटता', 'पेडल परत येणा नाय', 'ड्रायर तापतो पण सुकवत नाय'. हेच मथळे ठेवा, ज्याचे फोन जास्त ते वर. प्रत्येकापुढे उपाय आणि तो कोणी करायचा तेही लिहा: तुम्ही, वायरमन की आम्ही.

प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात मॉडेल आणि महिना-वर्ष टाका. वर्कशॉपवाले तुम्हाला न सांगता चार बोल्टचं झाकण सहा बोल्टचं करतात आणि कार्डावर चारच राहतात. मी फोरमनकडून एक वचन घेतलंय: यंत्रात काही बदललं की त्या दिवशी मला मिस कॉल.

आणि वर्षातून एकदा जुनी कार्डं परत मागून आणा, नवी देऊन. त्यावर लोकांनी काय काय लिहिलेलं असतं! गेल्या खेपेला वेंगुर्ल्याहून परत आलेल्या कुकरच्या कार्डावर, चौथ्या पायरीशेजारी, मार्करने लिहिलं होतं: 'काटो अडाकता. टिचकी मार.' मी ते वाचलं आणि दुपारच्या गाडीने नवा काटा घेऊन गेलो. आता चौथ्या पायरीखाली आणखी एक ओळ आहे: 'काटा अडकत असेल तर कुकर वापरू नका' असं नाही, 'काटा अडकतो? कुकर थांबवा. आम्हाला फोन करा.'